बिल्ला नंबर एक्केचाळीस

रबाळ्याला कंपनीत मी टूल-क्रिब सांभाळायचे.
जाळीची खिडकी, खाली हात जाईल एवढी फट.
बिल्ला द्या, पाना न्या.
पाना द्या, बिल्ला न्या.
सत्तावीस वर्षं याखेरीज फारसं बोलले नाही.

नवीन पोरं विचारायची, खोपकर मॅडम, भारी कुठला?
जर्मन, स्वीडिश, की आपला जालंधरचा?
मी म्हणायचे, रजिस्टरला विचारा.
रजिस्टरात शेवटचा रकाना होता, शेरा.
जालंधर, सतरा-एकोणीस: चौदा महिने, जबडा फाकला.
जालंधर, पुन्हा तोच: अकरा महिने, जबडा फाकला.
जर्मन, सतरा-एकोणीस:
इथे कोरं. वर्षानुवर्षं कोरं.
सुखात नांदणाऱ्या लेकीचं पत्र येत नाही, तसं.

पोलादाला पाणी देणं म्हणजे काय, ते मला कानाने कळलं.
चांगलं पाणी प्यालेला पाना फरशीवर पडला
तर खणकन् वाजतो, आणि आवाज जरा रेंगाळतो.
कच्च्या पाण्याचा: ठस्स. संपलं.

पण ऊर भरून यावा असंही काही नाही.
स्विस कानशी इतक्या मिजासखोर
की एकीवर एक ठेवली तर दोघींचे दात जायचे.
औषधाच्या पुड्यांसारख्या मी त्या कागदात गुंडाळायचे.
इटालियन ग्राइंडर देखणा, पण दुपारी दोनला तापायचा,
त्याला ओल्या गोणपाटावर निजवायला लागायचं.
आणि ते थोरलं जर्मन ड्रिल, साडेचार किलोचं, अंग सगळं धातूचं,
त्याचे कार्बन ब्रश झिजले की तिकडून यायला दोन महिने.
मग हासुराम मढवी
कसल्याशा भंगार मोटरचे ब्रश काढायचा,
कानशीने घासघासून त्यात बसवायचा.
ठिणग्या थोड्या जास्त उडायच्या. चालायचं.
मग टिकलं कोण, जर्मनी की हासुराम?
त्याला रकाना नव्हता.

शेवटी शेवटी त्याच नावाचं बॅटरीवालं आलं.
पोपटी, हलकं, पोरं हातात घेऊन मिरवायची.
तिसऱ्या वर्षी बॅटरी गेली.
तसली आता निघत नाही, म्हणाले.
अंगावर ओरखडा नाही, आणि मेलेलं.

मग कंपनीच गेली.
तुर्भ्याहून भंगारवाला आला, काटा घेऊन.
जर्मन, स्वीडिश, जालंधर,
आणि उल्हासनगरहून आलेलं ते एक,
ज्यावर जर्मनीचं स्पेलिंगच चुकलेलं,
सगळे एका गोणीत, एका भावात.
मी मोजून दिले. एक कमी भरला.
हुकावर बिल्ला एक्केचाळीस.
स्वीडनचा स्क्रू-पाना, बारा इंची, गेला तो आलाच नाही.

सहा वर्षांनी ऐरोलीत, दिव्याच्या जेट्टीवर
कोळंबी घ्यायला गेले होते.
होडीच्या इंजिनावर हासुराम ओणवा. हातात तोच.
खारं पाणी, खारा वारा, पाठीवर तांबूस गंज,
पण त्याने अंगठ्याने चाक फिरवलं
आणि जबडा हूं की चूं न करता
नटावर येऊन बसला.

मला पाहिलं. ओशाळला नाही.
"आमचं खाजण गेलं कंपनीत, मॅडम.
त्यातून येक पाना आला."

बिल्ला माझ्या पर्समध्ये होता.
का होता, ते विचारू नका.
नियमाने, पाना आल्याशिवाय देता येत नाही.
मी दिला.
त्याने तो सदऱ्याला पुसला, खिशात टाकला
आणि इंजिनाची दोरी ओढली.
दोनदा नुसतं खोकलं ते. तिसऱ्यांदा लागलं.

घरी येऊन रजिस्टर काढलं.
ते मी भंगारात दिलं नव्हतं.
हाताला कोळंबीचा वास, पानाला लागला.
एक्केचाळीस. स्वीडिश.
शेरा:
गंज वरवर. खेळ नाही.